सुरांवरचा सट्टा

मे २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात युरोव्हिजन गीतस्पर्धेची अंतिम फेरी झाली. त्याआधी कित्येक आठवडे युरोपच्या सट्टाबाजाराने आपला निकाल जवळजवळ जाहीर करून टाकला होता. बाष्पस्नानाच्या गमतीवर बेतलेले गीत घेऊन उतरलेला स्वीडनचा चमू जिंकणार, असे बाजाराचे भाव सांगत होते. प्रत्यक्षात ऑस्ट्रियाचा जेजे हा तरुण गायक ४३६ गुण मिळवून विजेता ठरला आणि स्वीडन चौथ्या स्थानावर राहिला. स्वीडनवर पैसे लावणाऱ्यांचे पैसे बुडाले. सट्ट्यात असे व्हायचेच, म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु या सट्ट्यात एक गोष्ट अशी आहे, जी घोड्यांच्या शर्यतीत वा क्रिकेटच्या सामन्यात आढळत नाही. ज्यांच्या पसंतीवर या स्पर्धेचा निकाल ठरतो, त्यांनाच त्या निकालावर पैसे लावता येतात.

या स्पर्धेचा जन्म सट्ट्यासाठी झालेला नव्हता. महायुद्ध संपून जेमतेम दहा वर्षे झाली होती. एकमेकांशी लढलेल्या राष्ट्रांनी एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहावा, दूरचित्रवाणीच्या नव्या माध्यमाची ताकद अजमावावी, या हेतूने युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २४ मे १९५६ रोजी लुगानो येथे सात देशांची पहिली स्पर्धा भरविली. इटलीतील सान रेमोचा गीतमहोत्सव हा तिचा आदर्श होता. आज तिचा पसारा अवाढव्य झाला आहे. २०२५ची स्पर्धा सुमारे १६ कोटी ६० लाख प्रेक्षकांनी पाहिल्याचे युनियनने सांगितले. एवढा जनसमुदाय जिथे जमतो, तिथे व्यापारी येणार आणि त्याच्या मागोमाग सटोडियाही येणार, हे ओघानेच आले.

ब्रिटनमध्ये मे १९६१ पासून पैजांची दुकाने कायदेशीर झाली आणि पैजेचा विषय काय असावा याला फारसे बंधन उरले नाही. १९६८ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पर्धा भरली, तेव्हा बुकींच्या लेखी विजय ठरलेलाच होता. १९४० साली आपल्या लखनौत जन्मलेला क्लिफ रिचर्ड यजमान देशाकडून गात होता. स्पेनच्या मासिएलला २९ गुण मिळाले, त्याला २८. एका गुणाने बाजार आडवा झाला. त्या निकालामागे फ्रँकोच्या राजवटीचे हात असल्याचा आरोप पुढे चाळीस वर्षांनी एका माहितीपटातून झाला. तो सिद्ध झाला नाही, पण गाण्याच्या निकालाविषयी असा संशय घेता येतो, हे त्यातून लोकांच्या मनात कायमचे राहिले.

या बाजाराची घडण एकदा समजून घेतली पाहिजे. समजा, दोन गायकांना जिंकण्याची संधी अगदी समसमान आहे. न्याय्य भाव असा की, शंभर रुपये लावणाऱ्याला जिंकल्यास दोनशे मिळावेत. बुकी एकशे नव्वद देतो. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर लागले, तर दोनशे त्याच्या गल्ल्यात येतात, एकशे नव्वद बाहेर जातात आणि दहा रुपये राहतात. कोण गायले आणि कसे गायले याच्याशी त्या दहा रुपयांना काही कर्तव्य नसते. स्पर्धक दोन नसून पंचवीस-सव्वीस असले, की ही कात्री प्रत्येकाच्या भावातून थोडी थोडी चालते आणि लावणाऱ्याला ती दिसतही नाही. अलीकडच्या पंचवीस वर्षांत ‘बेटफेअर’सारख्या कंपन्यांनी याला शेअर बाजाराचे रूप दिले. तेथे ग्राहक ग्राहकाशीच पैज लावतो, कंपनी जिंकलेल्या रकमेवर दलाली घेते. गाणे जिंकण्याची वाटही पाहावी लागत नाही. स्वस्तात घेतलेला गायक महाग झाला की विकून मोकळे व्हायचे. अंतिम फेरीच्या आधीच्या पंधरवड्यात रंगमंचावरील तालमी सुरू होतात. तालमीतील काही क्षणांचे चित्रण बाहेर आले, एखाद्याचा सूर लागला नाही किंवा एखाद्याची रोषणाई डोळ्यांत भरली, की भाव वरखाली होतात. ज्याने ते गीत पूर्ण ऐकलेलेही नाही, असा माणूस त्यावर नफा कमावू शकतो.

बाजार नेहमी चुकतो, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्स, २०२१ मध्ये इटली, २०२२ मध्ये युक्रेन आणि २०२३ मध्ये स्वीडन ही बाजाराने पुढे ठेवलेलीच नावे विजेती ठरली. दुसरीकडे, २०१६ मध्ये स्टॉकहोमला रशियाचा सेर्गेई लाझारेव भावात आघाडीवर होता आणि तिसरा आला. २०१७ मध्ये इटलीचा फ्रान्चेस्को गब्बानी महिनोन्महिने पुढे होता. पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल नुसता उभा राहून शांतपणे गायला आणि जिंकला, गब्बानी सहावा राहिला. मथळे बाजाराच्या यशापयशाचेच होतात. पण बाजाराचे भाकीत खरे ठरते, तेव्हाही ते नेमके कोणाविषयीचे असते, हे तपासले पाहिजे.

२०२३ची लिव्हरपूलमधील स्पर्धा त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्वीडनची लोरीन जिंकणार हे भावांनी सांगितले होते आणि ती जिंकली. परंतु प्रेक्षकमतांत फिनलंडच्या कारियाला ३७६ गुण होते, लोरीनला २४३. परीक्षकमंडळांनी तिला दिलेल्या ३४० गुणांनी पारडे फिरविले. म्हणजे बाजाराने जनतेचे मन ओळखले नव्हते, परीक्षकांचे ओळखले होते. २०१६ची गोष्ट आणखी विलक्षण. परीक्षकांत ऑस्ट्रेलिया पहिला, प्रेक्षकांत रशिया पहिला आणि बेरजेत दोन्हीकडे पहिली न आलेली युक्रेनची जमाला विजयी! परीक्षक आणि प्रेक्षक यांना निम्मा-निम्मा वाटा देण्याची पद्धत २००९ पासून आहे. निकाल असा दोन भिन्न मनांच्या बेरजेतून निघत असेल, तर त्यातल्या एका मनाची आगाऊ खबर ज्याला लागेल, त्याच्यासाठी ही पैज राहत नाही, ती निव्वळ वसुली होते.

आणि अशी खबर अस्तित्वात असते. परीक्षकमंडळे आपले गुण अंतिम फेरीच्या रात्री देत नाहीत. आदल्या संध्याकाळची रंगीत तालीम पाहून ते गुण देतात. जगापुढे कार्यक्रम सुरू होतो, तेव्हा निम्मा निकाल बंद लिफाफ्यात तयार असतो, आणि प्रत्येक देशातील काही व्यक्तींना त्यांच्या मंडळाने काय लिहिले हे ठाऊक असते. त्यांतल्या कोणी ते विकले, असे म्हणण्याला पुरावा नाही. परंतु घरात तिजोरी आहे आणि किल्ली दहा-वीस जणांकडे आहे, ही व्यवस्था सचोटीवर फार मोठा भार टाकते. माल्मो येथील २०२४च्या स्पर्धेत असा प्रकार उघडपणे घडला. दुसऱ्या उपांत्य फेरीनंतर इटलीच्या राय या प्रसारण संस्थेने आपल्या देशातील प्रेक्षकमतांची टक्केवारी पडद्यावर दाखविली. तीत इस्रायलला ३९ टक्क्यांहून अधिक मते होती. तांत्रिक चूक झाल्याचे संस्थेने सांगितले, पण तेवढ्या वेळात इस्रायलचा भाव झपाट्याने खाली उतरून तो देश बाजारात दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसला. अंतिम निकालात इस्रायल पाचवा आला आणि स्वित्झर्लंडचा नेमो जिंकला. गाण्यात काडीचाही बदल झाला नव्हता. एक आकडा फुटला आणि पैसा धावला, एवढेच.

परीक्षकांचेही सर्वदा सुरळीत चालते असे नाही. २०२२ मध्ये ट्यूरिन येथे दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकमंडळांनी एकमेकांनाच वरचे गुण दिल्याचे आढळले. युनियनने त्यांचे गुण बाद करून हिशेबाने काढलेले गुण त्यांच्या जागी घातले. यात सट्ट्याचा संबंध दाखविला गेलेला नाही. तथापि, ज्या तराजूवर लोक पैसे लावतात तो तराजू कसा झुकविता येतो, हे त्यातून दिसले.

खरा प्रश्न मात्र परीक्षकांच्याही पलीकडचा आहे. घोड्यावर पैसे लावणारा त्याला टाच मारू शकत नाही. क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावणारा धावा काढू शकत नाही. म्हणून तर भ्रष्ट बुकीला खेळाडू गाठावा लागतो, आणि २००० साली हॅन्सी क्रोनिए प्रकरणात तेच उघडकीस आले. गीतस्पर्धेत हा खटाटोप करण्याचे कारण नाही. पैसे लावणारा दूरध्वनी उचलतो आणि मत देतो, तेही एकदा नव्हे. २०२५ पर्यंत एका प्रेक्षकाला पैसे मोजून वीस मते देता येत होती. २०२३ पासून तर स्पर्धेत नसलेल्या देशांतील प्रेक्षकांनाही इंटरनेटवरून पैसे भरून मत देण्याची सोय झाली, आणि त्या सर्वांची मिळून एका देशाइतकी गणना होऊ लागली. म्हणजे सांगलीत वा सिंगापुरात बसलेला माणूसही मतदार झाला.

यावर असे म्हटले जाईल की, कोट्यवधींच्या सागरात वीस मतांचा थेंब काय करणार? हा आक्षेप वाटतो तितका बिनतोड नाही. मते सगळ्या युरोपची एकत्र मोजली जात नाहीत. प्रत्येक देशाची वेगळी मोजून त्यांचे १२, १०, ८ आणि त्याखाली एकापर्यंत असे गुण केले जातात. आठ कोटींच्या जर्मनीचे बारा गुण आणि चार लाखांवर लोकसंख्या नसलेल्या आइसलंडचे बारा गुण यांचे वजन सारखेच. छोट्या देशात मते थोडी पडतात, तेथे संघटित गट किती सहज फरक करू शकेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. २०१३ साली लिथुआनियात पैसे देऊन, सिम कार्डे पुरवून मते टाकून घेण्याचा प्रयत्न चालल्याचे चित्रण तेथील वृत्तमाध्यमाने प्रसिद्ध केले आणि त्यानंतर युनियनला नियम कडक करावे लागले. तो प्रयत्न राष्ट्रीय प्रतिष्ठेसाठी होता, असे त्या वेळी बोलले गेले. प्रतिष्ठेसाठी जे होऊ शकते, ते लाभासाठी होणार नाही, असे मानायला मन फारच भाबडे हवे.

यापेक्षाही सूक्ष्म एक परिणाम आहे आणि त्याला कोणताही नियम आवर घालू शकत नाही. भाव हे आता वृत्त झाले आहेत. ‘बाजारात अमुक देश पुढे’ ही बातमी गाण्याच्या आधी घरात पोहोचते. प्रेक्षक ऐकण्यापूर्वीच जाणतो की कोण जिंकणार. आवडलेले पण भावात मागे असलेले गाणे त्याला वाया जाणारे मत वाटू लागते. निवडणुकीत मतदानाच्या काळात जनमत चाचण्यांवर बंधने का घालतात, याचे कारण हेच आहे. इथे चाचणी नाही, थेट पैशाचे मोजमाप आहे, आणि ते अखेरच्या क्षणापर्यंत डोळ्यांसमोर हलत असते. सान मारिनोच्या वा लाटवियाच्या एखाद्या गायकाने वर्षभर घाम गाळून बांधलेले गाणे मंचावर येण्याआधीच त्याच्या कपाळावर किंमत चिकटविलेली असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये युनियनने व्हिएन्ना येथील पुढील स्पर्धेसाठी काही बदल जाहीर केले. मतांची मर्यादा वीसवरून दहा करण्यात आली, उपांत्य फेरीत परीक्षकमंडळे परत आणण्यात आली आणि सरकारांसह बाहेरच्या शक्तींनी चालविलेल्या अवाजवी प्रचारावर अंकुश ठेवण्याचे ठरले. याला निमित्त राजकीय वादाचे होते, सट्ट्याचे नव्हते. तरीही एक गोष्ट त्यातून मान्य झाली की, पैसे मोजून मिळणारी अनेक मते हे लोकमत नव्हे. मग वीस चूक असतील, तर दहा बरोबर कशी?

मुंबईच्या वाचकाला या सगळ्यात एक जुनी ओळख सापडेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर ‘आकडा’ लावला जाई. कापसाचा भाव निदान खरा होता, त्यामागे शेत होते, गिरणी होती. १९६१च्या सुमारास ते भाव येणे बंद पडले, तेव्हा जुगारही बंद पडायला हवा होता. झाले उलटेच. मातीच्या मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढणे सुरू झाले आणि मटका जन्माला आला. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे गिरणगावात घरोघरी पोहोचली. पगाराच्या दिवशी चाळीच्या दाराशी वाट पाहणाऱ्या बायकांनी त्याची किंमत मोजली. जुगाराला विषय लागत नाही, निमित्त लागते, हे मुंबईने साठ वर्षांपूर्वी पाहिले आहे. तेव्हा कापूस होता, युरोपात आज गाणे आहे.

गाण्याचे निमित्त आपल्याकडेही येऊन गेले आहे, फक्त सट्ट्याचा उघड बाजार त्याला जोडलेला नव्हता. २००५ मध्ये अभिजीत सावंत हा मराठी तरुण ‘इंडियन आयडॉल’ झाला, त्याचे घराघरांत कौतुक झाले आणि त्यात वावगे काही नव्हते. परंतु मोबाइल संदेशांवर ठरणारा निकाल ही काय चीज आहे, हे दोनच वर्षांत कळले. २००७ मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी पहाडी भागात वर्गणी काढून मते पाठविली गेली. निकालानंतर एका रेडिओ निवेदकाच्या टवाळीने भावना दुखावल्या आणि सिलीगुडीत दंगल झाली. त्या वर्गणीत स्वार्थ नव्हता, आपल्या माणसाविषयीचे प्रेम होते. पण प्रत्येक संदेशामागे पैसे कोणाला मिळाले? ज्याला जिंकवायचे त्याला नव्हे. पैसे मोजून निकाल घडविण्याची सवय त्या काळात लागली. त्या सवयीच्या शेजारी पैजेचे दुकान उघडायला वेळ लागत नाही.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याचे महत्त्व ध्यानात येते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने मनाई केली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे वा पन्नास लाख, आणि व्यवहार पार पाडणाऱ्या वित्तसंस्थेलाही शिक्षा अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार न मानता बळी मानले आहे, हे विशेष. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे एका अशाच कंपनीचे नाव त्यानंतर उतरले. महाराष्ट्राने १९७६ पासून कागदावर पडून असलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला, तोही योग्यच निर्णय होता. मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींविषयी गोमंतकातील सुजाण नागरिक वर्षानुवर्षे जे सांगत आले आहेत, त्याकडे मात्र तेथील एकामागून एक आलेल्या सरकारांनी महसुलाच्या चष्म्यातूनच पाहिले.

जुगार बंद करता येत नसेल तर नियमन करावे आणि कर घ्यावा, असा विचार विधी आयोगाने २०१८च्या आपल्या २७६व्या अहवालात मांडला होता. तो मांडणारे लोक अविचारी नव्हते. चोरून चालणारा धंदा गुंडांच्या हाती जातो, हे मुंबईएवढे कोणाला ठाऊक असेल? उद्या एखादे सरकार खेळांवरील पैजांच्या बाबतीत त्या वाटेने जाण्याचा विचार करीलही. परंतु लोकांच्या मतांवर ठरणाऱ्या स्पर्धा, मग त्या गाण्याच्या असोत, नृत्याच्या असोत वा आणखी कशाच्या, त्या वाटेवर कधीही येता कामा नयेत. तेथे पैज लावणारा, मत देणारा आणि निर्णय करणारा एकच असतो. अशा ठिकाणी निरीक्षक बसवून उपयोग होत नाही, कारण ज्याच्यावर लक्ष ठेवायचे तो लक्षावधी घरांतल्या दिवाणखान्यांत विखुरलेला असतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात द्यूतकाराचे एक सूक्त आहे. आईवडील आणि भाऊ त्याला ओळख देत नाहीत, पत्नी दुरावते, कर्ज घेऊन रात्री दुसऱ्याच्या घरात शिरण्याची पाळी येते आणि अखेरीस त्याला फासे टाकून शेत कसण्याचा सल्ला मिळतो. त्या सूक्तातील जुगारी आपण काय करीत आहोत हे जाणतो. फासे हे फासेच असतात, हे त्याला ठाऊक आहे. आजच्या तरुणासमोर फासे गाण्याच्या, क्रिकेटच्या, गणिताच्या कोड्याच्या रूपात येतात आणि पहिले शंभर रुपये कंपनीच ‘भेट’ म्हणून देते. मुलगा खोलीत दार लावून गाणी ऐकतो आहे, यात पालकांना काळजीचे कारण दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही.

संसदेने खेळ चालविणाऱ्यांची वाट अडविली, परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांच्या बाबतीत बँका आणि देयक कंपन्या यांच्या दक्षतेवर बरेच अवलंबून राहील. दूरचित्रवाणी वाहिन्यांना मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. एका मोबाइल क्रमांकाला एकच मत, तेही विनामूल्य. निकालाआधी मतांची आकडेवारी कोणालाही नाही. निकाल लागल्यावर एकूण मते, बाद ठरविलेली मते आणि परीक्षकांचे गुण हे सर्व स्पर्धकांसह प्रेक्षकांपुढे. मराठी वाहिन्यांवरील गाण्याच्या स्पर्धांना महाराष्ट्राने अलोट प्रेम दिले आहे, त्यांनीच याचा आरंभ पुढच्या पर्वापासून करावा.